दोन सिस्टिमचं एक मशीन

दिन्या,

तुझं बारावं होऊन महिना होत आला, तरी लोक अजून दुकानात येऊन तुझ्याबद्दल चांगलंच बोलतात. परवा खर्डीहून एक मास्तर आले होते. म्हणाले, "ताई, तुमचा भाऊ म्हणजे देवमाणूस. आमच्या शाळेतले भंगारात काढलेले कंप्युटर त्याने चालू करून दिले, वर चहासुद्धा घेतला नाही." मी त्यांना चहा दिला आणि मान हलवत बसले. देवमाणसाची बहीण होणं किती त्रासाचं असतं ते त्यांना काय सांगणार? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणून तुझ्याबद्दल नाही, तुझ्याशीच बोलते. तुझ्याशी वाईट बोलायला मला कधी कुणाची परवानगी लागली नाही.

याची सुरुवात कुठे झाली ते मला नीट आठवतं. बारावीनंतर मी शहापूरला टायपिंगच्या क्लासला जायचं ठरवलं. आबा म्हणाले, पोरगी एकटी सापगावचा पूल ओलांडून जाणार नाही, दिन्या बरोबर जाईल. तू माझ्याहून लहान, मिसरूडसुद्धा धड फुटलेलं नव्हतं, आणि तू माझा राखणदार. मी आत खटखट करायचे आणि तू बाहेरच्या बाकावर बसायचास. मग तो बाक सोडून तू आतल्या खोलीतल्या कंप्युटरला जाऊन चिकटलास. मी टायपिंगची परीक्षा पास झाले आणि तू काहीही न शिकता सरांचं मशीन उघडून परत लावायला लागलास. घरी जाताना मला सांगायचास, "ताय, तू चुकीची खुर्ची घेतंस. पंख्याखालची घे." आबांनी तुला राखणीला धाडलं होतं ते क्लास संपेपर्यंत. तू ते काम शेवटपर्यंत सोडलं नाहीस. माझं भलं कशात आहे ते माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं, हे तुझ्या डोक्यात त्या बाकावरच बसलं असणार.

मुरबाडला लग्न करून आले, तहसील कचेरीजवळ दुकान टाकलं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सातबारे हे रोजचं. पण दुकान चालतं ते लग्नपत्रिकांवर. बाहेरच्या माणसाला पत्रिका म्हणजे तारीख, मुहूर्त आणि गणपतीचं चित्र. आपल्याकडची पत्रिका म्हणजे अख्खी भावकी. थोरल्या पातीचे, म्हणजे थोरल्या शाखेचे, आधी, मग मधली पाती, मग धाकटी. मग गावचे मानकरी, मग मुलीच्या मामाकडचे. कुणाचं नाव कुणाच्या वर, कुणाचं शेजारी, कुणाचे दोन भाऊ बोलत नाहीत म्हणून त्यांच्या मध्ये तिसरा. हे सगळं मी वर्षानुवर्षं गावोगावच्या लोकांना विचारून, त्यांचे रुसवे ऐकून बसवलेलं. लोक येऊन म्हणतात, "मागच्या पत्रिकेवर कर गो." मी जुनी फाइल उघडते, नवरानवरी बदलते, मधल्या काळात जे वारले त्यांना कै. लावून खाली घेते. माझं सगळं भांडवल त्या जुन्या फाइलींमध्ये होतं. हे मी तुला कितीदा सांगितलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी.

मग ती बातमी आली. माझ्या मशीनवर जी विंडोज होती तिला सांभाळणं कंपनी बंद करणार, आणि नवी विंडोज माझ्या जुन्या डब्यावर चढणार नाही. कचेरीच्या गल्लीत प्रत्येकाने आपापला मार्ग काढला. कुणी नवं मशीन आणलं, कुणी म्हटलं जुनी तर जुनी, चालतंय तोवर चालू दे. मी तुला फोन करून एवढंच विचारलं की मी यातलं काय करू. तू त्याच दुपारी शहापूरहून मोटरसायकलवर आलास, खिशातून पेनड्राइव्ह काढलास आणि म्हणालास, "ऊठ."

"अरे पण माझी कामं काय हायत ती तरी इचार."

"ताय, तुझी कामा मला पाठ हायत. अर्ज भराचे, सातबारा काडाचा, प्रिंट माराची. सगळा इंटरनेटवरच ना? मंग लिनक्सवर पळंल. हलका हाय, फुकट हाय, व्हायरस नाय."

संध्याकाळपर्यंत विंडोज गेली होती आणि तिच्या जागी तुझं लिनक्स बसलं होतं. मशीन चालू केल्यावर सगळ्यात आधी जी उठते आणि बाकीच्यांना कामाला लावते, ती सिस्टिम घरच्या कर्त्या बाईसारखी असते. ती बदलली की चुलीपासून मिठाच्या बरणीपर्यंत सगळ्याची जागा बदलते. एक खरं, मशीन पळत होतं. चहा टाकायच्या आत चालू व्हायचं. मी खूश झाले होते, ते मी नाकारत नाही. मग मी एक जुनी पत्रिका उघडली.

पडद्यावर नावं नव्हतीच. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, असला सगळा कचरा. माझ्या पत्रिका जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेल्या होत्या आणि तो फॉन्ट ज्या प्रोग्रामबरोबर चालायचा तो फक्त विंडोजवर चालायचा. तू डोकं खाजवलंस. तुझ्या तोंडून "ताय, हा मला माहीत नव्हता" एवढं वाक्य निघालं असतं तर मी तुला तिथेच माफ केलं असतं. तू म्हणालास, "जुना फॉन्ट वापरलास हीच चूक."

आता मला बरंही बोललं पाहिजे, नाहीतर तू म्हणशील ताय एकाच बाजूने बोलते. तो अख्खा पावसाळा तू माझ्या दुकानात घालवलास. अंगावरचा रेनकोट दारात झटकायचास आणि येऊन बसायचास. जुन्या फॉन्टातलं प्रत्येक अक्षर नव्या फॉन्टात बदलणारा प्रोग्राम तू स्वतः लिहिलास. अडलेला एखादा जोडाक्षराचा तुकडा सुटला की लहानपणी कैरी पाडल्यावर हसायचास तसा हसायचास. शेकड्याने पत्रिका परत वाचता यायला लागल्या. गल्लीतल्या दुसऱ्या कुणाच्या भावाने हे केलं नसतं. त्यांच्या भावांनी ही वेळही आणली नसती, ही गोष्ट वेगळी.

तिथेच थांबला असतास तर बरं झालं असतं. पण तुला मशीन नुसतं चालून भागत नव्हतं, माझी काम करायची रीतसुद्धा तुला सुधारायची होती. तू सगळी नावं पत्रिकांमधून काढलीस आणि गाववार एका तक्त्यात भरलीस. म्हणालास, आता जुनी फाइल शोधायची गरज नाही. गाव निवडायचं, नावांवर खुणा करायच्या, पत्रिका आपोआप तयार. तुळशीचं लग्न लागलं आणि पहिलंच काम आलं ते हिराजी आजाच्या भावकीतलं, त्याच्या पुतण्याच्या पोरीचं. मी तुला म्हटलं, छापायला द्यायच्या आधी एकदा मला नीट बघू दे. तू म्हणालास, "मी बगितलाय." मुलीच्या बापाने तारीख आणि पोरीचं नाव वाचलं आणि मान डोलावली. पत्रिका कल्याणहून छापून आल्या, वाटल्या गेल्या.

तुझ्या तक्त्याने नावं अ पासून ज्ञ पर्यंत लावली होती. ज्याच्या बारशाला लोक काल जेवले तो अनंता सगळ्यात वर, आणि थोरल्या पातीचा सगळ्यात मोठा माणूस, हिराजी आजा, ह मुळे सगळ्यात खाली, मंडपवाल्याच्या नावाच्या जरा वर. आजाने पत्रिका परत पाठवली. तिच्यावरची अक्षतसुद्धा झटकली नव्हती. मग तो स्वतःच दुकानात आला. तू नेमका तिथे होतास.

"आजा, नावा सगळी हायत ना? एक पण राहिला नाय," तू म्हणालास.

"नावा तीच हायत बाबा. माणसा ती नाय."

"हा क्रम कंप्युटरनी लावलाय. कंप्युटरला लहानमोठा नाय कळत."

"मंग कंप्युटरलाच बोलव हळदीला. त्यालाच बसव पुढं."

तो हळदीला गेला नाही. लग्नाला गेला तो मंडपाच्या बाहेर खुर्ची टाकून बसला, आणि आतल्या प्रत्येकाला तो तिथून दिसत होता. त्या सीझनला त्या बाजूच्या गावांतून माझ्याकडे पत्रिका आली नाही. वर तू मला समजवायला बसलास की हे चांगलंच झालं, ही वरखाली कधीतरी मोडायलाच पाहिजे. असेल मोडायला पाहिजे. पण मग स्वतःच्या पोराच्या बारशाच्या पत्रिकेवर मोडायची होती. तिथे तर तू काकांचं नाव निमूटपणे वर टाकलंस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

मी हट्ट धरला, विंडोज परत दे. तू दिलीस, पण तुझ्या पद्धतीने. एकाच मशीनमध्ये दोन सिस्टिम. बटण दाबलं की मशीन विचारणार, कुठली पाहिजे? आणि थोडा वेळ वाट बघून, कुणी काही दाबलं नाही तर, लिनक्स. मी केरसुणी फिरवून येईपर्यंत लिनक्स उठलेलं असायचं. बंद करा, परत चालू करा, आणि समोर उभं राहून राखण करा. मी म्हटलं, उलटं कर, आपोआप विंडोज येऊ दे. तुला ते चुटकीसरशी जमलं असतं. तू म्हणालास, "नाय. मंग तुला सवय कशी लागंल?" माझ्या दुकानात, माझ्या मशीनवर, सकाळी सकाळी मला सवय लावायला बसलेला माझा धाकटा भाऊ. आपण त्यावरून किती भांडलो. नवरा म्हणायचा, तुम्ही दोघं शेतीच्या बांधावरून भांडला असतात तर निदान लोकांना समजलं तरी असतं.

तरी पुढच्याच सीझनला गल्लीत कुणाच्यातरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि तीन दुकानांची कामं गेली, तेव्हा माझ्या फाइली तुझ्या लिनक्सच्या बाजूला सुखरूप राहिल्या. त्या दिवशी मी तुला फोन करून सांगितलं. तू "बोललो होतो" असं म्हणाला नाहीस. नुसता हसलास. तेवढं एकदा तू मोठेपणाने वागलास, ते मी विसरलेले नाही.

आणि मग तू मेलास. दुसऱ्या कुठल्या शब्दात ते लिहायचं मला सुचत नाही. खर्डीहून काम करून दुपारी घरी आलास, छातीत जळजळतंय म्हणालास, सोडा पिऊन आडवा झालास. तुझ्या रंजनाने चहाला उठवायला हात लावला तेव्हा गेलेला होतास. दहाव्याला शहापूरचे डॉक्टर भेटायला आले. त्यांना वाटलं आम्हाला माहीतच असणार. म्हणाले, "मी त्याला पावसाळ्यातच सांगितलं होतं, ठाण्याला जा, हृदयाची तपासणी करून घे." रंजनाने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. दोघींनाही तू सांगितलं नव्हतंस. सगळ्या तालुक्याला "बॅकअप घ्या, बॅकअप घ्या" म्हणून जीव नकोसा करणारा माणूस. डॉक्टरने काय सांगितलं ते बायकोला सांगायचं की नाही, हेही तू एकट्याने ठरवलंस. तिला काळजी नको म्हणून, असं काका म्हणाले. मला त्यांचं बोलणं ऐकवेना. काळजी नको होती की विचारणं नको होतं?

लोकांना वाटतं आपण शेवटी भांडलेलो होतो म्हणून मला आता पश्चात्ताप होत असेल. नाही होत. माझं बरोबर होतं आणि तू मेलास म्हणून ते चुकीचं होत नाही. मला राग येतो, आणि राग आला की तुला फोन करायचा माझा हात सवयीने वर जातो, हा त्रास होतो. एवढंच आहे.

आता रंजनाचं सांगते, कारण ते तुला कळलंच पाहिजे. तू तिला घरी कंप्युटर शिकवलास. आटगावच्या त्या दोन खोल्यांत, पोराला झोपवून, तू तिला चांगलं शिकवलंस, त्यात वाद नाही. तिचा हात माझ्यापेक्षा वेगात चालतो. तिला वाटलं, या जोरावर उभी राहीन. महिना भरायच्या आधीच, काकांची नाराजी पत्करून, ती शहापूरला कामाला विचारायला बाहेर पडली. दोन दुकानं फिरली. दोन्हीकडे विंडोज. फाइल कुठे जाते, प्रिंट कुठून सुटते, लोक ज्या प्रोग्राममध्ये पत्र लिहितात तो कसा उघडतो, काही सापडेना. हात नुसता माउसवर ठेवून बसली. एका दुकानदाराने सांगितलं, "वहिनी, आधी कंप्युटर शिका, मग या." तू जिला शिकवलंस तिला, दिन्या. तिने ते मला सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. मीच दुकानाच्या मागे जाऊन तुला शिव्या दिल्या.

मग मी तिला माझ्याकडेच बोलावलं. आता ती सापगावावरून एसटीने येते. सकाळी मशीन विचारतं, कुठली सिस्टिम, आणि ती तिची निवडते. अर्ज, सातबारे, सगळं भराभर करते. पण पत्रिकेचं काम आलं की मी तिला उठवते, मशीन बंद करते, परत चालू करते आणि विंडोजमध्ये बसते. ती बाजूला बसून बघते. गिऱ्हाईक आमच्या दोघींकडे बघतं. असं काही दिवस चाललं. गेल्या आठवड्यात विंडोजच्या बाजूची जागाच संपली. गल्लीतला दुरुस्तीवाला आला, बघून म्हणाला, "एवढ्याशा डिस्कमध्ये दोन संसार कशाला? एक काढा. कुठला काढू?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. आणि ऐक, माझ्या तोंडून काय निघालं. मी म्हटलं, थांबा जरा. म्हटलं, लिनक्स हलकं आहे. म्हटलं, गल्लीत व्हायरस आला तेव्हा त्यानेच वाचवलं. म्हटलं, जुनी विंडोज आता कंपनी सांभाळत नाही, तिच्या भरवशावर किती दिवस राहायचं? तुझी एकूण एक वाक्यं, दिन्या, तुझ्याच सुरात, हातवाऱ्यासकट. दुरुस्तीवाला ऐकत राहिला. मला माझीच लाज वाटायला लागली होती, पण थांबताही येईना. थांबले असते तर तिथेच रडले असते.

रंजना म्हणाली, "ताय, काढून टाका ता लिनक्स."

"अगो, पण तुला तोच येतो."

"म्हणून तर. ह्यांनी मला शिकवला तो ह्यांना आवडत होता म्हणून. मला जो कुठंपण चालंल तो पायजे. उद्या तुमी दुकान बंद केला तर मी कुठं जाव?"

"आणि व्हायरस आला म्हंजे?"

"येऊ दे. सगळ्यांकडं येतो तसा आपल्याकडं येल. आपन पण निस्तरू." मग कडू न होता, अगदी सरळ बोलली, "तुमी पण आता ह्यांच्यासारख्याच बोलाय लागल्याव. ह्यांनी मला कंप्युटर दिला, मोबाइल दिला, शिवणयंत्र दिला. समदा ह्यांनीच ठरवला. चांगलाच ठरवला असंल. मला काय पायजे ता कोणी इचारलाच नाय."

मी दुरुस्तीवाल्याला म्हटलं, काढ. पत्रिका आधी बाजूला काढून घेतल्या, तुझ्या पावसाळ्यातली सगळी मेहनत, ती काही फेकून दिली नाही. मग त्याने तुझं लिनक्स पुसलं. मला वाटलं होतं वेळ लागेल. काही लागला नाही. मशीन चालू झालं तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. तू दारातून आत येऊन "ऊठ" म्हणशील आणि मी "नाय उठत" म्हणेन, एवढ्यासाठी मी इतकी वर्षं ते मशीन सांभाळलं होतं की काय, असं वाटलं. तुला राग आला असता. येऊ दे. माझा अजून गेलेला नाही, मग तुझा तरी का जावा?

रंजना माझ्या खुर्चीत बसली. समोर विंडोज उघडलेली, सगळं अनोळखी. तिने माउस हातात घेतला आणि विचारलं, "ताय, आता काय दाबू?"

माझं बोट उठलं होतं. मी ते मागे घेतलं. म्हटलं, "तुला काय कराचाय ता आधी सांग."

एवढं एक वाक्य तुला जन्मात जमलं नाही रे, दिन्या.